टेकडीवरची भेग

विज्ञान मंडळाच्या बैठका वाचनालयाच्या माडीवर होत. दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा, पाऊस मोजायचा, कधी बाहेरून एखाद्या प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलवायचं, असा सगळा कारभार. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. "बैठक चुकवणाऱ्यांना मी माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत गाठतो," ते म्हणत, "तिथे त्यांना सबब सांगता येत नाही." चिटणीस होत्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं. सून त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे तीही बाईच म्हणायची.

गावामागच्या टेकडीवर एक भेग होती. तिच्या दोन्ही बाजूंना मंडळाने लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या आणि बाई अधूनमधून फीत लावून त्यांच्यातलं अंतर मोजायच्या. वर्षानुवर्षं फरक पडला तो केसाएवढा. त्या पावसाळ्यात मात्र आठवड्याभरातच भेग बोटभर रुंदावली. बाईंनी फीत पुन्हा लावून पाहिली. मग खाली पाहिलं. पायथ्याशी घरांची ओळ होती आणि त्यातलंच एक त्यांच्या मुलाचं.

"लोकांना सांगायला हवं," त्या बैठकीत म्हणाल्या.

"काय सांगायचं?" डॉक्टरांनी विचारलं. "टेकडी पडणार?"

"पडू शकते."

"बाई, 'शकते' म्हटल्यावर कुणी घर सोडत नाही. आणि सोडलं नि काही झालंच नाही, तर लांडगा आला रे आला अशी गत. खरंच वेळ येईल तेव्हा आपलं कोण ऐकणार?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सरकारी अभियंत्याला कळवायचं ठरलं. तो छत्री घेऊन आला, भेग बघितली, "लक्ष ठेवा" म्हणाला आणि गेला. लक्ष तर बाई ठेवतच होत्या.

पाऊस थांबेना. पुढच्या मोजणीला भेगेत अख्खा हात जाऊ लागला. बाई तशाच चिखलाच्या पायांनी मुलाच्या घरी गेल्या. मुलगा कामासाठी परगावी होता. सून ओले कपडे दोरीवर पसरत होती.

"चार कपडे घे आणि माझ्याकडे चल. आत्ता."

बाईंनी कारण सांगितलं. सुनेने हातातला कपडा खाली ठेवला.

"आणि शेजारी?"

"मंडळाचं ठरलंय, अजून बोलायचं नाही."

"मग मला का सांगितलंत?"

बाई दोरीवरचे कपडे उतरवू लागल्या.

"उद्या आम्हीच तेवढे वाचलो तर मी कुणाला तोंड दाखवू? वर्गात तुम्ही एकेकीच्या कानात शिकवत नव्हतात, बाई."

दोघी मिळून दारं ठोठावत निघाल्या. काहींनी लगेच आवराआवर केली, काही कुरकुरले. ओळीच्या टोकाला शिंप्याचं घर होतं. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले.

"यांना हलवणं सोपं नाही," शिंपी म्हणाला. "नक्की पडणार का टेकडी?"

बाईंनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मागे पावसाचा आवाज वाढत होता.

"नक्की," त्या म्हणाल्या.

चौघांनी म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून शाळेच्या सभागृहात नेलं. तिथली फरशी ओलसर, खिडक्यांची तावदानं फुटकी. त्याला ताप भरला, छाती भरून आली. दवाखान्यात हलवलं, पण तो घरी परत आला नाही. मग पाऊस ओसरला. टेकडी होती तिथेच होती. लोक सामान उचलून आपापल्या घरी गेले आणि बाई समोर आल्या की बोलणं थांबवू लागले.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला शिंपी आला. दाराजवळच उभा राहिला.

"बाई, तुम्ही नक्की म्हणालात."

"हो."

"तेव्हा तुम्हाला नक्की ठाऊक होतं?"

डॉक्टर मध्ये काही बोलणार होते. बाईंनी हाताने थांबवलं.

"नाही. भीती होती. पण नुसती भीती म्हटलं असतं तर तुम्ही वडिलांना हलवलं नसतं."

"नसतंच हलवलं," शिंपी म्हणाला. "मग ते स्वतःच्या खाटेवर गेले असते." जिन्याकडे वळता वळता त्याने विचारलं, "आणि टेकडी?"

"ती अजूनही पडू शकते."

तो जिना उतरून गेला. बाईंनी चिटणीसपद सोडलं. डॉक्टरांनी राजीनामा मागितला नव्हता, पण राहा असंही ते म्हणाले नाहीत.

पुढे सरकारी माणसांनी भेगेच्या वर चर खणून पाणी दुसरीकडे वळवलं. भेग वाढायची थांबली नाही, पण तिचा वेग मंदावला. त्या पावसात टेकडी पडली असती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. बाई मनाशी दोन्ही बाजूंनी वाद घालतात, आणि दोन्ही बाजूंनी हरतात.

सुनेने मंडळाशी भांडून घरांच्या ओळीपाशी एक फळा लावून घेतला. बाई मोजतात, सून फळ्यावर आकडा लिहिते, आणि काय कळलं नि काय कळलं नाही, तेही खाली लिहिते. पुढच्या वर्षी पावसाने जोर धरला तेव्हा शिंपी फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. मग बायकोला आणि शिवणयंत्राला घेऊन बहिणीकडे राहायला गेला. कुणी सांगायला गेलं नव्हतं.

पाऊस सरल्यावर तो परतला. बाईंशी मात्र तो आजही बोलत नाही.