मऊ आसन

सानितने गाडीच्या पुढच्या डाव्या सीटवर तळहात दाबला, उचलला, पुन्हा दाबला. कातडं हळूच खाली गेलं आणि हळूच वर आलं. बाजारात पपनस चाचपावं तसा तो ती सीट चाचपत होता.

"काका, तिकडे काय शोधताय?" दुकानदार थाविन हसला. "स्टिअरिंग या बाजूला आहे. बसा की राजासारखे!"

"बसतो रे. पळून थोडीच जातेय."

जरा अंतरावर ओराथाय पांढऱ्या साध्या वस्त्रांत उभी होती. उपोसथाचा, बौद्धांच्या व्रताचा दिवस होता. पहाटे विहारात अष्टशील, दिवसभराचे आठ नियम, घेऊन ती तशीच नवऱ्याबरोबर आली होती. दुपारनंतर पोटात अन्न जायचं नव्हतं, खोटं तर एरवीही जिभेवर येत नसे. तिला राग आला नव्हता, पण मनात खुटखुट होती. या माणसाने उभा जन्म भातगिरणीच्या मालकाची अशीच जर्मन गाडी चालवली. गिरणीतून निघताना मिळालेली पुंजी आता त्याला एका जुन्या गाडीत घालायची होती. म्हातारपणाची सगळी उशी तेवढीच. आणि बघतोय काय, तर सीट!

निघताना फोनवर गॅरेजवाल्या भाच्याने बजावलं होतं, "मामा, अशा गाड्या जुन्या झाल्या की स्वस्त मिळतात, पण त्यांचं दुखणं स्वस्त होत नाही. इंजिनाला हात लावून बघा, आधीच गरम असेल तर काहीतरी झाकलंय समजा. पायाखालचा गालिचा उचला. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा." सानितने प्रत्येक वाक्याला "हो हो" म्हटलं होतं. त्यातलं एकही त्याला इथे आठवत नव्हतं.

"अगं, ये ना," त्याने हाक मारली. "जरा बसून बघ."

"मी? आज?"

"टेकून बघ नुसतं. कोण बघतंय!"

"अहो, आज उंच, मऊ आसन वर्ज्य आहे मला. तुम्हाला काय नवीन सांगायचं?"

सानितचा तळहात सीटवर तसाच राहिला.

थाविनने संधी साधली. "मावशी, तुमच्यासारख्याच पुण्यवान बाईंची गाडी आहे ही. दर उपोसथाला विहारातल्या थोरल्या भन्तेजींना यातूनच आणायच्या. नवी घेतली तेव्हा भन्तेजींनी स्वतः मंतरून दिली होती. दुसरं काय पाहिजे?"

ओराथायचे हात आपोआप जुळले. चप्पल काढून ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली, वाकली, आणि नमस्कारासाठी तिने मान वर केली. मंतरलेल्या प्रत्येक गाडीत असतात तसे चालवणाऱ्याच्या डोक्यावर, छताच्या अस्तरावर, भन्तेजींच्या बोटाने उमटवलेले पांढऱ्या गंधाचे ठिपके असणार होते.

छत कोरं होतं. नव्या उशीच्या अभ्र्यासारखं.

तिने जुळलेले हात खाली घेतले नाहीत. "बाळ, ठिपके कुठे गेले?"

"ते होय? धुताना गेले असतील, मावशी. आमची पोरं फार घासतात."

"ते कुणी पुसत नाही रे. गाडी विकतानाही नाही." तिचा आवाज होता तितकाच हळू होता. "छत बदललंय का हे? चांगलं छत कशाला बदलावं लागलं असेल?"

थाविनने खिशातून रुमाल काढला आणि न पुसताच परत ठेवला.

सानित दोघांकडे बघत राहिला. मग भाच्याचं बोलणं आठवून त्याने त्याच डाव्या सीटचा पट्टा धरला आणि ओढला. ओढतच राहिला. अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर एक तपकिरी रेघ होती, सुकलेल्या गाळाची. नाकोन सवानसारख्या पुराच्या गावात ती रेघ ओळखायला कुणाला शिकावं लागत नाही. सानितच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुराने ओढलेली तशीच एक रेघ अजून होती, रंग दिला तरी वर येणारी.

"पाण्यात उभी होती," तो पुटपुटला. "वर ओल चढून छताला बुरशी धरली असणार."

"काका, मीही लिलावातूनच उचलली हो," थाविन म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आतली वायरिंग बघायला मलाही छातीच झाली नाही."

"चालायचंच," सानित म्हणाला. त्याने पट्टा सोडला नाही, हाताने धरून हळूहळू आत जाऊ दिला. दार लावतानाही आवाज होऊ दिला नाही.

आपल्या जुन्या पिकअपशी दोघं आली. तिच्या छताला आतून ठिपके होते, धुराने पिवळे पडलेले. ओराथाय चढताना एका हाताने कंबर धरून क्षणभर थांबली. रोजच थांबायची. सानितने रोजच्यासारखं दुसरीकडे बघितलं.

नदीचा पूल आला.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं. "तुमच्या फार मनात होती. मालकासारखं एकदा चालवायचं."

"मला काय चालवायचं राहिलंय? हात दुखेपर्यंत चालवली की." एक खड्डा आला. त्याने गाडी त्यातून इतकी हळू काढली की मागच्याने हॉर्न दिला. "त्या मालकीणबाई डावीकडे बसायच्या. पार डोंगरात नानपर्यंत गेलो तरी उतरताना त्यांना कधी कंबर धरावी लागली नाही."

ओराथाय पुढे बघत राहिली. तिची बहीण नानला होती. गेल्या सणाला ओराथायने फोनवर तिला सांगितलं होतं, एवढा रस्ता आता सोसत नाही.

"आज तू बसली असतीस ना," सानित म्हणाला, "आणि तुला बरं वाटलं असतं, तर मी छताकडे बघितलंच नसतं. तुझं ऐकलंही नसतं."

पूल उतरल्यावर त्याने गाडी कडेला घेतली. गळ्यातला चौकड्यांचा पंचा काढला, घडीवर घडी घातली आणि तिच्या कंबरेमागे सारला. मग थोडा घुटमळला.

"चालेल ना आज? मऊ होतंय जरा."

ओराथायने डोळे मिटले आणि मागे टेकून बसली.