खोट्या आवाजांची यादी

आईच्या उशाशी काचेचे दोन पेले असत, एक पाण्याचा आणि एक औषधाचा. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली होती, आवाज पुटपुटण्यापुरता उरला होता. तरी मी प्लॅस्टिकचा पेला आणला तेव्हा ती म्हणाली, "मला परत पाळण्यात घालू नकोस."

खिडकीची काच फुटली की मालकाला फोनवर कळवणारं यंत्र बनवणं हे माझं काम. चाचणीसाठी एक यंत्र मी तिच्या खोलीतल्या खिडकीला बसवलं. दिवसाची बाई दोनला जायची, मी सहाला यायचे.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसात अकरा वेळा फोन वाजला. अकराही वेळा मी धावत घर गाठलं. आई डाव्या हाताने पेला भिंतीवर फेकत होती.

"काय झालं?"

"पाणी कोमट आहे." एकदा म्हणाली, "मी हाक मारली तर येत नाहीस. भांडं फुटलं की येतेस."

साहेबांची अट होती, तीस दिवसांत एकही खोटा इशारा नको. मी तिच्या पेल्यांचे आवाज साठवले, एकेकापुढे 'खोटा' असा शेरा लिहिला आणि यंत्राला ते ओळखायला शिकवलं. मग तिच्यादेखत एक पेला फरशीवर टाकला. फोन वाजला नाही.

"आता फोड हवे तेवढे," मी म्हटलं.

ती शाळेत गणित शिकवायची. नियम कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"ते ओळखतं कसं?"

"आतली चिप झोपलेली असते. मोठा आवाज झाला की जागी होते, क्षणभर ऐकते, कामाचं नसेल तर परत झोपते. म्हणून एका सेलवर पाच वर्षं चालते."

"तुझ्या बाबांसारखी. एक डोळा उघडायचे नि कूस बदलायचे."

मला हसू आलं. तिलाही, अर्ध्या तोंडाने.

"आणि कामाचं म्हणजे?"

"खिडकीवर घाव बसला की काच आधी वाकते. धप्प असा जाड आवाज. लगेच खळकन. दोन्ही हवेत, आणि त्याच क्रमाने."

"एकच आला तर अर्धे गुण?"

"तू कधी दिलेस?"

ती खिडकीकडे बघत राहिली. पलंगापासून सात-आठ फूट. "म्हणजे तू यायला हवी असशील तर खिडकीच फोडायची."

मी तिच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "जमेल तुला?"

पुढचे तेवीस दिवस एकही पेला फुटला नाही.

चोविसाव्या दिवशी मी सहाला आले तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, श्वास कोंडला. दोन तास तरी झाले असावेत. पलंगाजवळ दोन्ही पेल्यांचे तुकडे होते. स्टीलचा जग मात्र खिडकीखाली पडला होता आणि काचेवर पाण्याचे ओघळ सुकले होते. काचेला तडासुद्धा गेला नव्हता.

मावशी म्हणाली, "शेवटपर्यंत राग नाकावर. काच वाचली हे नशीब."

महिना भरला. साहेबांना अहवाल हवा होता. यंत्र जागं होऊन परत झोपलं की तो आवाज चाचणीसाठी मेमरी कार्डात साठत असे. ती गेली त्या दुपारचे तीन आवाज होते. तीन चाळीस, खळकन. तीन एक्केचाळीस, खळकन. मग चार मिनिटं काही नाही. जग रिकामा नव्हता, उचलायला वेळ लागला असेल. तीन पंचेचाळीस, धप्प.

प्रत्येक आवाज दीड सेकंदाचा असतो. शेवटच्यात धप्पनंतर खळकन येत नाही. उरलेला वेळ तिचा श्वास ऐकू येतो.

शेरा लिहिल्याशिवाय अहवाल पुढे सरकत नाही. खिडकी फुटलेली नव्हती.

मी तिन्हींपुढे 'खोटा' लिहिलं.