बिन्तूचा आवाज आणि चोपन्न अंश

मित्रांनो, पाव इंच रुंदीची, तपकिरी रंगाची मी एक जुनी ध्वनिफीत आहे. वय चाळीस वर्षे. मुक्काम मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमध्ये.

जन्म कारखान्यातला असला, तरी मी माझे आयुष्य मोजते ते पश्चिम आफ्रिकेतील बोबो-ज्युलासो शहरातल्या एका दुपारपासून. रेडिओ केंद्रातील लहानशा खोलीत तेवीस वर्षांची बिन्तू सानू उभी होती. आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता. धरणावर माती वाहणाऱ्या बायकांचे गाणे ती गायली, एकदाच आणि न चुकता. पुढे ते टॅक्सीत, लग्नांत, शेजारच्या देशांतही वाजले. लोकांकडे नकलांच्या नकला होत्या. मूळ आवाज फक्त माझ्याजवळ होता. याचा मला अभिमान आहे.

केंद्रात जुन्या फिती पुसून पुन्हा वापरत, म्हणून बिन्तूने मला मागून घेतले आणि कॅनडात आणले. इथेही तिच्या गाण्याला सभागृहे भरत. मग तिच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि गाणे थांबले. तिला माझ्यातले गाणे ऐकवेना. बेसमेंटमध्ये, विंटर टायरशेजारी मी वीस वर्षे राहिले. दमट हवा अंगात मुरली. माझ्यावरचे चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप चिकट झाला.

यंदा तिच्या नातीने, आवाने, फीत वाजवायचे एक जुने मशीन मिळवले. आजीचे गाणे मूळ आवाजात तिने कधी ऐकले नव्हते. मी जेमतेम चार फेऱ्या फिरले आणि किंचाळले. मशीनवर तपकिरी भुगा पडला. तो भुगा म्हणजे गाणेच होते.

शेजारची यामिनी तेव्हा चहाला आली होती. "आवा, स्टॉप," ती म्हणाली. "आणखी फिरवलीस तर काहीच उरणार नाही."

"तू डॉक्टर आहेस?" बिन्तूने विचारले.

"नाही, मादाम. मी रंगांच्या कंपनीत केमिस्ट आहे. चिकटपणा मला कळतो."

यामिनी मूळची नागपूरची. सांडग्या मिरच्या वाळवायला तिच्याकडे विजेचे वाळवणयंत्र होते. तिने ते दोनदा धुतले, रिकामे चालवून तापमान तपासले.

"अगं, गाणं तिखट होईल," तिचा नवरा शंतनु म्हणाला.

"तू फक्त झाकण उघडू नकोस."

चोपन्न अंश, आठ तास. त्यात ठेवले की मंद उष्णतेने माझ्यातला दमटपणा निघून लेप थोडे दिवस घट्ट राहणार होता. तेवढ्यातच मला वाजवून संगणकावर उतरवायचे होते. बिन्तू दिवसभर यंत्रापाशी खुर्ची टाकून बसली.

"आमच्याकडे आंबे असेच वाळवतात," ती म्हणाली. "पण त्यांची मला इतकी काळजी कधी वाटली नाही."

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण थंड झाल्यावर आवाने मशीन सुरू केले. मी किंचाळले नाही. तेवीस वर्षांचा तो आवाज खोलीत उभा राहिला. बिन्तूने डोळे मिटले नाहीत. ती परीक्षकासारखी ऐकत होती.

"ढोलवाला मागे पडलाय," ती म्हणाली. "मी मात्र बरोबर आहे."

फक्त पहिली ओळ नव्हती. ती भुग्यात गेली होती. आवा रडू लागली. बिन्तूने मायक्रोफोन स्वतःकडे ओढला आणि घोगऱ्या आवाजात ती ओळ म्हटली. आवाने ती तशीच सुरुवातीला जोडली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा आवाज पडून असेल. तो कोरड्या जागी ठेवा, घाईने वाजवू नका, आधी जाणत्या माणसाला विचारा. आणि ज्याचा तो आवाज आहे, ते माणूस जवळ असेल तर त्याला शेजारी बसवून ऐका. हरवलेली ओळ फक्त त्यालाच ठाऊक असते.