चार बोटं

दलालानं कुलूप काढून दार ढकललं. म्हातारा सुतार आत शिरला तोच विचारत, "लिफ्टपर्यंत पायऱ्या नाहीत ना?"

"एकही नाही. पण काका, आज टेप नाही आणलीत?"

सुतार वाकून उंबरा न्याहाळू लागला. दलाल तरी कसा विसरेल! याच इमारतीतलं एक घर त्यानं पूर्वी दाखवलं होतं. रस्ता ओलांडला की शॉपिंग सेंटर. सुताराची बायको तर हरखूनच गेली होती. "औषधं, भाजी, सगळं हाताशी! रोज उतरीन हो मी," म्हणाली. आणि या पठ्ठ्यानं भिंत मोजून नाक मुरडलं. कपाट चार बोटं जास्त होत होतं. लग्नाच्या वर्षी त्यानं स्वतः केलेलं कपाट, ना खिळा ना स्क्रू, सगळे सांधे खाचेत बसवून पक्के केलेले. ते सुटं करता येत नाही, याचाच त्याला कोण अभिमान! पुढची घरंही त्यापायीच हातची गेली. बायको पिशव्या घेऊन जुन्या घराचा तिसरा मजला चढत राहिली, आणि चढता चढता गुडघ्यांनी दगा दिला. आता ती चाकाच्या खुर्चीत होती.

"घेतो हे घर," सुतार म्हणाला.

"आणि कपाट?"

"कापीन."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. करवतीला धार लावतो, असंही म्हणाला. तिनं कपाटाकडे पाहिलं.

"अहो, आता कशाला? मी काय पिशवी घेऊन उतरणार आहे?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"बरं, ते राहू दे," तीच म्हणाली. "खिडकीतून दुकानं दिसतात का? माणसांची ये-जा तरी बघीन."

सुतार गडबडला. लिफ्ट पाहिली, उंबरा पाहिला; खिडकीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. त्यानं हत्यारांच्या पिशवीतून टेप काढली, तिच्या खुर्चीशी बसला, टोक जमिनीला टेकवलं आणि टेप तिच्या डोळ्यांपर्यंत नेली.

"हे काय आता?"

"खिडकीची खालची कड याच्या खाली हवी. बघून येतो." त्यानं टेपवरचा आकडा वाचला. "हे आधी मोजायला हवं होतं गं मी."

तिनं त्याच्या टेप धरलेल्या हाताखाली आपला हात धरला.

"मोजा की. पण चार बोटं कमीच धरा. हल्ली मी वाकत चाललेय."