भिंतीपासून वीतभर पुढे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला रुंद हात दिले, म्हणून माणसं माझ्यात ऐसपैस बसतात. आधी मी एका वाचनालयात होते. तिथे माझा पाय मोडला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. मानसोपचार करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला उचलून आणलं, नवा पाय बसवून घेतला आणि आपल्या खोलीत ठेवलं.

एका दुपारी तिथे बॉयलरवाले काका आले. कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा ते दहा पावलांवर उभे होते. जखमा भरल्या, पण मन पहाऱ्यावरच राहिलं. त्यांनी मला भिंतीला टेकवलं, दार नजरेसमोर ठेवलं आणि माझे हात गच्च धरून बसले.

“घरात कुकर लावायची सोय नाही,” सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. “नातीच्या हातून फुगा फुटला, तर हे केवढे ओरडले. आता ती यांच्याजवळ फिरकत नाही.”

काकांनी मान खाली घातली. “काही होणार नाही, हे मला कळतं हो. अंगाला कळत नाही.”

“त्या दिवशी अंगानंच तुम्हाला वाचवलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता त्याला सांगू, पहाऱ्याची पाळी संपली.”

मग दर आठवड्याला काका यायचे. सावकाश श्वास सोडायला शिकायचे. त्या दिवसाची हकीकत सांगायचे. आधी तुटक, पुढे सलग. डॉक्टरबाई वाफेचा आवाज ऐकवायच्या, अगदी हळू, मग जरा मोठा. आणि मला भिंतीपासून वीतभर पुढे घ्यायच्या. एकदा काका मधेच उठून तडक निघून गेले. थोड्या वेळाने परत आले. “चपला राहिल्या,” म्हणाले, आणि पुन्हा बसले.

काही महिन्यांनी ते दाराकडे पाठ करून बसले होते. मागे दार वाजलं. त्यांचे खांदे वर गेले, आणि हळूहळू खाली आले.

“कोण आलं?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“ओळखा,” नात म्हणाली.

“आमच्या घरचा छोटा बॉयलर.”

ती खुदकन हसली आणि धावत येऊन माझ्या हातावर चढून बसली. काका अजूनही कधीकधी दचकतात, पण सावरतात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कुणी असं दचकत असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. मागून जाताना हाक द्या. त्याला इलाजापर्यंत सोबत करा. आणि खुर्ची सरकवताना फरफटवू नका, उचला. आमचे पाय टिकतील, आणि शेजारी बसलेल्याचा जीवही थाऱ्यावर राहील.