जाग्यावरचा मोहा

"म्या गोळी खाल्ली का वं?" डोमाने तिसऱ्यांदा विचारलं.

"खाल्ली," कुंता म्हणाली. पहिल्यांदा तिने रिकामं पाकीट दाखवलं होतं, दुसऱ्यांदा ती खेकसली होती. आता खेकसायचंही त्राण उरलं नव्हतं.

आज जाळं फाटलं, तर मासेमारीच्या डोंग्यावरचा हा त्याचा शेवटचा दिवस ठरणार होता, आणि तेवढं मात्र त्याला तिने सांगितलंच नव्हतं. काल धनराज दारात उभ्यानेच बोलून गेला होता. धनराज मच्छीमार सोसायटीचा सचिव, नात्याने पुतण्या. "काकू, यंदा जाळं टाकून आठच दिवस झाले, तं दोनदा फाटलं. लोकं मले बोलून राह्यले. उद्या काकाले येऊ द्या, पन उद्याही फाटलं तं मंग घरीच बसवा. म्होरं काकाच्या जागी तरण्या अमरले उभा करतो."

गावचं तळं जुनं. कधीकाळी बांधाची पाळ उंच केली तेव्हा काठची ऐनाची झाडं पाण्यात गेली. वरचं कुजून गेलं, पण बुडखे तसेच पाण्याखाली राहिले. वरून काही दिसत नाही आणि जाळं अडकलं की चिंध्या होतात. डोमाने चाळीस वर्षं त्या बुडख्यांना जाळं लागू दिलं नव्हतं. कसं जमतं म्हणून कोणी विचारलं की मिशीत हसायचा आणि विषय बदलायचा. नव्या नवरीला मात्र एकदा डोंग्यात बसवून त्याने दाखवलं होतं. पाळीवरचं मोह्याचं झाड मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर बसलं, की डोंगा वळवायचा. एवढंच गुपित, आणि ते कुंताने पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं.

डोमाचा मोठा भाऊ भैयाजी शेवटी घरच्यांना ओळखेनासा झाला होता. हाही त्याच वाटेला लागला, असं गावाने ठरवून टाकलं होतं. मनातून कुंतानेही.

माणसं पाण्यात उतरल्यावर ती टोपली घेऊन यंदा पहिल्यांदाच पाळीवर आली. ऊन आत्ताच चटके देत होतं. नेहमीच्या जागी टोपली टेकवून ती सावलीत बसायला वाकली, तर सावलीच नव्हती. पुढ्यात मोह्याचा बुंधा होता, गुडघाभर. हिवाळ्यात पाळीवरचा रस्ता रुंद केला तेव्हा झाड गेलं होतं. तिला ते माहीत होतं, तरी पाय आपले जुन्या सवयीने तिथेच आले होते. बघा, पायांनाही कोणी कळवलं नव्हतं!

तळ्याच्या मधोमध डोमा डोंग्याच्या टोकावर उभा होता. कपाळावर हात धरून तो पाळीकडे बघत होता, बाजारात बरोबरचं माणूस हरवावं तसा इकडून तिकडे.

"काका, वळवाचं का?" धनराज ओरडला.

"थांब."

"कुठी वळवाचं थे सांगा ना!"

"थांब म्हनलं ना रे!" त्याचा आवाज कापला. चाळीस वर्षांत कुंताने तो आवाज असा कधी ऐकला नव्हता.

मोहा तोडला त्या दिवशी डोमा स्वतः इथे उभा होता. घरी येऊन जेवलाही नव्हता. पण ते त्याच्या डोक्यात टिकलं नाही. टिकला तो मोहा. त्यानंतर कितीदा सांगितलं, तर दर वेळी नव्याने दुःख करायचा आणि सकाळी विसरायचा. खिंडीची खूण धनराजला एका वाक्यात सांगता आली असती. पण मग डोंग्याला डोमाची गरजच उरली नसती.

कुंता बुंध्यावर चढली. टोपली डोक्यावर उपडी घातली आणि दोन्ही हात वर केले. रस्त्यावरच्या मोटरसायकलवाल्याने वळून वळून पाहिलं. साठीच्या बाईने हे काय सोंग मांडलंय, असं त्याला वाटलं असेल. वाटो बापडं.

क्षणभर पाण्यावर काहीच हललं नाही. मग डोमाचा हात झपकन खाली आला.

"हां! वळवा! डावीकडं, डावीकडं!"

जाळं अखंड आलं. दुपारपर्यंत डोंगा चारदा त्या जागेवरून गेला आणि चारदा कुंता बुंध्यावर चढली. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

जाळं वाळत घालताना धनराज म्हणाला, "काकू, थे हात वर करून काय करून राह्यल्या होत्या?"

"पाखरं हाकलत होती."

त्याने बुंध्याकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं. मग डोमाकडे वळून म्हणाला, "काका, उद्या सहाले या."

घरी डोमा खुशीत होता. "लोकं म्हनतेत डोमाचं डोस्कं गेलं. कुठी गेलं? या साली मोहा जरा वाळल्यावानी दिसून राह्यला, बारीक. पन जाग्यावर हाय."

"हाय ना," कुंता म्हणाली. "थो कुठी जाते?"

तो समाधानाने भात कालवत राहिला. मग एकदम मान वर करून त्याने विचारलं, "अन् तू दिवसभर कुठी होती वं? एकदाही दिसली नाई."

"इथीच होती," कुंता म्हणाली, आणि भरून आलेले खांदे चोळत त्याची गोळी काढायला उठली.