कर्नलच्या कपाळी भंडारा

मित्रांनो, इतिहास घडवणारे महापुरुष शतकातून एखादेच जन्माला येतात. मी त्यांपैकी नाही. मी एक जुनी तसबीर आहे, आणि माझ्या पाठीमागे एक पाल राहते.

ज्यांचे मी चित्र आहे, ते कर्नल हायरम मात्र मोठे गृहस्थ. एकोणिसाव्या शतकात दूर अमेरिकेत, एका रुंद संथ नदीकाठी ते राहत. गुलामगिरी संपवणाऱ्या युद्धात ते लढले. तिथे गोळी लागली ती त्यांच्या टोपीला. युद्ध संपल्यावर ते वकील झाले, कारण ओरडायची सवय लागली होती. पुढे राजकारणात शिरले. नदीवर पूल बांधीन, असे वचन देऊन ते निवडून आले आणि तेच वचन देऊन पुन्हा पुन्हा येत राहिले. पूल झाला असता तर पुढच्या खेपेला वचन कशाचे द्यायचे? लोक बिचारे होडीतून मत द्यायला येत.

चित्रकार बाकी कसबी होता. त्याने माझे डोळे असे काढले, की खोलीत कुठेही उभे राहा, मी तुमच्याकडेच बघतो आहे असे वाटावे.

कर्नलचा नातू ऑइल इंजिने विकायला सोलापुरात आला, तेव्हा मला बरोबर घेऊन आला. जाताना त्याने उरलेली इंजिने नेली, आजोबा राहिले. त्याच्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा रामहरी वकिलांनी मला उचलले आणि सात रस्त्याजवळच्या आपल्या कचेरीत टांगले. कोणी विचारले की ते गंभीरपणे सांगत, "आमचे गुरू." त्यांचे खरे गुरू बार्शीला होते आणि चांगले हयात होते, पण त्यांना दाढी नव्हती.

तिथे माझी वर्षे डुलक्यांत गेली. दुपारी लांबून मागांची खटखट यायची. अर्धवट झोपेत मला वाटे, तिकडे नदीवर कोणीतरी एकदाचा पूल ठोकायला घेतला आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर अशाच एका दुपारी मैंदर्गीची मल्लव्वा आली. मेंढपाळाची बाई, नवरा नुकताच वारलेला. दुष्काळात दोघांनी रानोमाळ हिंडून मेंढरे जगवली होती. आता दीर निंगप्पा म्हणत होता, की अण्णाने, म्हणजे थोरल्या भावाने, मरताना दोघा भावांचा सामाईक कळप सगळा त्यालाच दिला. साक्षीदार कोणी नव्हता. मेंढरे गेली तर मल्लव्वाला परक्याच्या कळपामागे राबावे लागणार होते. दीरही बरोबरच आला होता. दोघे भांडत भांडत एकाच एसटीने आले, कारण दुसरी नव्हती.

"कोर्टात गेलात तर वर्षं जातील," वकील म्हणाले.

"वर्सं जातील तवर मेंढरं ऱ्हातील व्हय?" मल्लव्वाने माझ्याकडे बोट केले. "ह्ये कोन म्हनायचं?"

"आमचे गुरू."

"दाढी लई झ्याक हाय. खोटं खपवून घेनारा मानूस दिसत न्हाय."

मित्रांनो, इतक्या निवडणुका झाल्या, पण आमच्याविषयी असे कोणी बोलले नव्हते.

मल्लव्वाने कनवटीची पिशवी सोडली. तीत भंडारा होता, बिरोबाची हळद. तो हातात उचलून खोटे बोलायची धनगरांत कोणाची छाती नाही. तिने आधी माझ्या कपाळाला लावायला हात उंचावला. हात पुरेना, म्हणून भंडारा वर उधळला. मग मूठभर वकिलांच्या कायद्याच्या पुस्तकावर ठेवला.

"उचल, निंगप्पा. ह्या म्हाराजांम्होरं म्हन, अण्णानं समदी मेंढरं तुला दिली."

निंगप्पा हसला. "वैनी, ह्यो तर गोरा सायेब की! ह्याला आपलं काय कळतंय?"

"मग भितूस कशाला? उचल की!"

त्याने हात पुढे केला आणि वर पाहिले. मी बघतच होतो. तो खिडकीकडे सरकला. मी बघत होतो. कपाटाला चिकटून उभा राहिला. मी तिथेही बघत होतो, आणि आता माझा डावा डोळा पिवळा झाला होता.

"वकीलसायेब, तुमचं गुरू डोळं मिटत न्हाईत का?"

"कधीच नाही," वकील म्हणाले. त्या दिवसातले त्यांचे हे पहिले खरे वाक्य.

आणि नेमकी तेव्हाच माझ्या मागची पाल चुकचुकली.

"यव्वा!" निंगप्पा मटकन खाली बसला. "न्हाई बोलला अण्णा तसं. निम्मी मेंढरं तुजी, वैनी. काळा एडका बी तुजाच."

मल्लव्वाने पदराने तोंड पुसले, मला हात जोडले आणि पिशवी पुन्हा कनवटीला खोचली.

"तडजोड आमच्या कचेरीत झाली, हे गावात सांगा बरं का," वकील म्हणाले.

कर्नल जन्मभर बोलत राहिले आणि पूल झाला नाही. मी एक दुपार गप्प राहिलो. हल्ली मागांची खटखट सुरू झाली की मला तो पूल पुरा झालेला दिसतो. त्यावरून मल्लव्वाची मेंढरे सावकाश पलीकडे जातात, पुढे काळा एडका. पैलतीरावर कर्नल टोपी हातात घेऊन उभे असतात. टोपीच्या भोकातून ऊन येते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे काहीतरी मी सांगणार होतो. पण एवढे मोठे मागणे कशाला? डाव्या डोळ्यातला भंडारा अजून तसाच आहे, तेवढा कोणीतरी पुसा. फडके कोरडे घ्या. आणि पाल झोपली असेल, तर नंतर या.